महिलांसाठीचा १० टक्के निधी : गावात किती असतो, कुठं जातो, हिशोब कसा मागायचा?

नागपूर : ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नात १०० रुपये जमा झाले, तर त्यातले १० रुपये महिला व बालकल्याणावर खर्च करणं बंधनकारक आहे. हा सरपंचाचा उपकार नाही आणि सचिवाची मर्जीही नाही, तो नियम आहे. तरीही अनेक गावांत बायांना या पैशाची खबर नसते. मार्च उजाडला की घाईघाईनं काहीतरी खरेदी होते, फोटो निघतो आणि रजिस्टर बंद होतं.

नागपूर जिल्ह्यात १३ पंचायत समित्या आणि साडेसातशेच्या वर ग्रामपंचायती आहेत. नरखेड-काटोलच्या संत्रा पट्ट्यापासून भिवापूर-कुहीपर्यंत प्रत्येक गावात हा निधी लागू आहे. तो नेमका काय, कुठून आला आणि त्याचा हिशोब कसा मागायचा, त्याची ही माहिती.

१० टक्के कशाचे?

ग्रामपंचायतीकडं दोन प्रकारचा पैसा असतो. एक सरकारकडून येणारा, म्हणजे वित्त आयोग आणि निरनिराळ्या योजनांचा. दुसरा गावानं स्वतः जमवलेला, म्हणजे घरपट्टी, दिवाबत्ती कर, बाजार फी, दुकान गाळ्यांचं भाडं वगैरे. या दुसऱ्या पैशाला स्वउत्पन्न किंवा ग्रामनिधी म्हणतात. त्यातला १० टक्के महिला व बालकल्याणासाठी, १५ टक्के मागासवर्गीयांसाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी राखून ठेवावा लागतो.

उदाहरण घेऊ. एखाद्या गावाचं वर्षाचं स्वउत्पन्न ८ लाख रुपये असेल, तर महिला-बालकल्याणाचा वाटा ८० हजार रुपये होतो. कारखाने, गोदामं, लेआउट असलेल्या हिंगणा, कामठीसारख्या भागात घरपट्टी जास्त, म्हणून वाटाही जास्त. आतल्या लहान गावात तो वीस-पंचवीस हजारांवरही येऊ शकतो. रक्कम लहान असली तरी नियम तोच.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. घरपट्टी थकली तर हा निधीही आटतो. वसुलीच नसेल तर १० टक्के कशाचे काढणार?

ही मागणी नागपूरचीच, १९४२ ची

सरकारनं बायांसाठी नुसतं बोलू नये, तिजोरीतून पैसा काढावा, ही मागणी नागपूरकरांना नवी नाही. २० जुलै १९४२ रोजी नागपुरात अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. सुमारे २५ हजार बाया आल्या होत्या. अध्यक्ष होत्या अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर परिषदेत बोलले आणि समाजाची प्रगती बायांच्या प्रगतीवरून मोजावी, असं त्यांनी सांगितलं.

या परिषदेचे ठराव आजही वाचण्यासारखे आहेत. घटस्फोटाचा हक्क मागितला, एकापेक्षा जास्त लग्नं करण्यावर कायद्यानं बंदी मागितली. आणि तिथंच थांबल्या नाहीत. मुलींसाठी सरकारी खर्चानं वसतिगृह, शिष्यवृत्त्या, सक्तीचं प्राथमिक शिक्षण मागितलं. गिरण्या, विडी कारखाने, नगरपालिका आणि रेल्वेत राबणाऱ्या बायांसाठी वर्षाला २१ दिवसांची किरकोळ रजा, दुखापतीची भरपाई आणि पेन्शन मागितली. गिरणीत बायांवर देखरेखीला बाईच नेमा, असंही म्हटलं. कायदेमंडळांत आणि स्थानिक संस्थांत राखीव जागाही मागितल्या.

म्हणजे हक्क आणि त्यासाठीचा खर्च, दोन्ही एकाच दमात. नागपूरच्या गिरण्यांत तेव्हा हजारो बाया राबत होत्या. रजा मंजूर झाली पण पगार कापला, तर ती रजा काय कामाची, हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती.

धोरण आलं, मग पैशाचा प्रश्न आला

- १९७४ : केंद्राच्या समितीनं भारतातील स्त्रियांच्या स्थितीचा ‘समानतेकडे’ हा अहवाल तयार केला. कायद्यात समानता असली तरी जगण्यात नाही, हे सरकारी कागदावर आलं.
- १९९३ : ७३ वी घटनादुरुस्ती लागू झाली. पंचायतीत महिलांना किमान एक तृतीयांश जागा मिळाल्या. त्याच वर्षी राज्य महिला आयोग आला.
- १९९४ : महाराष्ट्रानं स्वतःचं महिला धोरण जाहीर केलं. असं धोरण आणणारं हे देशातलं पहिलं राज्य. पुढं २००१, २०१४ आणि ८ मार्च २०२४ रोजी नवी धोरणं आली.
- १९९७ : नवव्या पंचवार्षिक योजनेत महिलांशी संबंधित खात्यांचा किमान ३० टक्के निधी आणि लाभ महिलांकडं जावा, असं ठरलं.
- २००५-०६ : केंद्रीय अर्थसंकल्पासोबत ‘जेंडर बजेट’चं वेगळं पत्रक सुरू झालं.
- २०११ : महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांत महिलांचं आरक्षण ५० टक्के झालं.

जेंडर बजेट म्हणजे बायांसाठी वेगळी तिजोरी नव्हे. सरकारच्या एकूण खर्चातला किती पैसा महिलांकडं जातो, ते दाखवणारा तो तक्ता असतो. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तो आकडा ४.४९ लाख कोटी रुपये, म्हणजे एकूण बजेटच्या ८.८६ टक्के दाखवला होता. महिला संघटनांचा आक्षेप असा की घरकुलासारख्या मोठ्या योजनांची रक्कमही यात धरली जाते, त्यामुळं आकडा फुगतो. घर कोणाच्या नावावर झालं, हे पाहिल्याशिवाय तो पैसा बाईपर्यंत पोहोचला असं म्हणता येत नाही.

जगातही हाच झगडा आहे. १९९५ मध्ये चीनच्या बीजिंगमध्ये झालेल्या जागतिक महिला परिषदेत देशांनी समानतेची वचनं दिली, त्यात भारतही होता. तेव्हापासून महिला संघटना प्रत्येक सरकारला एकच विचारतात : वचन ठीक, तरतूद किती?

जिल्ह्यात पैसा कोणत्या वाटांनी येतो?

१. ग्रामपंचायत : स्वउत्पन्नाच्या १० टक्के. अंगणवाडीचं साहित्य, शाळेत मुलींसाठी स्वच्छतागृह, किशोरींसाठी आरोग्य तपासणी, महिलांचं प्रशिक्षण अशी कामं यातून होतात.

२. जिल्हा परिषद : इथंही स्वउत्पन्नाच्या १० टक्के. महिला व बालकल्याण समिती योजना ठरवते. संगणक प्रशिक्षण, मुलींना कराटे, समुपदेशन केंद्र, सायकल, शिलाई मशीन वगैरे. अर्ज बहुधा पंचायत समितीतून किंवा बालविकास प्रकल्प कार्यालयातून भरले जातात.

३. जिल्हा नियोजन समिती : जिल्हा वार्षिक योजनेतला ३ टक्के निधी महिला व बालविकासासाठी राखीव.

४. वित्त आयोग : १५ व्या वित्त आयोगात (२०२१-२६) ६० टक्के पैसा पाणी व स्वच्छतेसाठी बांधलेला होता, ४० टक्के गावाच्या गरजेप्रमाणं. हा पैसा गाव विकास आराखड्यातूनच खर्च होतो. आराखड्याच्या नऊ विषयांत ‘महिलास्नेही गाव’ हा एक विषय आहे.

५. थेट खात्यात येणारा पैसा : ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना जून २०२४ मध्ये जाहीर झाली. २१ ते ६५ वयाच्या, अडीच लाखांपर्यंत कुटुंब उत्पन्न असलेल्या पात्र महिलांना महिन्याला १,५०० रुपये. २०२५-२६ साठी राज्यानं ३६ हजार कोटींची तरतूद केली होती.

पाचवी वाट सगळ्यांना माहीत आहे, पहिल्या चार फार कमी जणींना. खात्यात आलेल्या पंधराशे रुपयांतून घरचा किराणा येतो, औषध येतं, ते मोलाचंच आहे. पण त्यातून शाळेतलं स्वच्छतागृह बांधता येत नाही, रस्त्यावर दिवा लागत नाही, अंगणवाडीचं गळकं छत दुरुस्त होत नाही. ती कामं गावाच्या पैशातूनच व्हायला हवीत. म्हणून एक मिळालं म्हणून दुसरं सोडायचं नाही.

गडबड कुठं होते?

- तरतूद अंदाजपत्रकात दिसते, खर्च शून्य.
- रस्ता, नाली, कमान यांचा खर्च महिलांच्या रकान्यात टाकला जातो. कारण काय, तर रस्त्यावरून बायाही चालतात!
- मार्चअखेर एकगठ्ठा वस्तू खरेदी. मागणी कोणाची, वाटप कोणाला, यादी नाही.
- सही बाईची, कारभार नवऱ्याचा. निर्णय झाल्यावर सदस्य बाईला कळतं.
- महिला ग्रामसभा कागदावरच होते. सह्या घरोघरी फिरून घेतल्या जातात.

शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा, कारण बाकीचे चारही तिथंच अडवता येतात.

महिला ग्रामसभा : खरी ताकद इथं

नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घेणं कायद्यानं आवश्यक आहे. वर्षाला किमान चार ग्रामसभा, म्हणजे महिलांच्याही चार सभा. यात झालेले ठराव मुख्य ग्रामसभेपुढं येतात. मुख्य ग्रामसभेची गणसंख्या एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यातली जी कमी असेल ती.

सभेची वेळ आधी ठरवून घ्या. मौदा-रामटेककडं धान रोवणीच्या दिवसांत किंवा भिवापूरकडं मिरची तोड्याच्या दिवसांत सकाळी अकराला सभा ठेवली तर येणार कोण? बाया तर बांधावर. संध्याकाळची वेळ मागा, दवंडीसोबत गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरही सूचना टाकायला लावा.

हिशोब मागायच्या पायऱ्या

१. मोबाइलवर पाहा : ‘ई-ग्रामस्वराज’ किंवा ‘मेरी पंचायत’ अॅपमध्ये गाव निवडा. गाव विकास आराखडा आणि प्रामुख्यानं वित्त आयोगाचा जमाखर्च तिथं दिसतो. १० टक्के निधीसाठी मात्र रजिस्टरच पाहावं लागेल.

२. ग्रामपंचायतीत विचारा : नमुना १ म्हणजे अंदाजपत्रक, नमुना ५ म्हणजे रोकड वही. अंदाजपत्रकात तरतूद किती आणि रोकड वहीत खर्च किती, दोन्ही आकडे समोरासमोर ठेवा. मागच्या तीन वर्षांची शिल्लकही विचारा.

३. माहिती अधिकार : तोंडी उत्तर मिळालं नाही तर लेखी अर्ज करा. शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला माफ. उत्तराची मुदत ३० दिवस. स्वउत्पन्न किती, १० टक्के रक्कम किती, कशावर खर्च, लाभार्थी यादी आणि बिलांच्या प्रती, हे पाच मुद्दे पुरेसे.

४. वर तक्रार : समाधान झालं नाही तर पंचायत समितीत गटविकास अधिकाऱ्यांकडं, नंतर जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडं लेखी द्या. पोच घ्यायला विसरू नका.

ठराव असा मांडा

‘गावात काहीतरी करा’ असं म्हटलं की काहीच होत नाही. काम, जागा, रक्कम, मुदत चारही लिहा. नमुना असा :

“महिला व बालकल्याण निधीतून जिल्हा परिषद शाळेतील मुलींच्या स्वच्छतागृहास दार, कडी व पाण्याची टाकी बसवावी. अंदाजे खर्च ___ रुपये. काम ___ तारखेपर्यंत पूर्ण करून पुढील महिला ग्रामसभेत हिशोब ठेवावा.”

ठराव इतिवृत्तात लिहिला गेला का, हे तिथंच बसून वाचून घ्या. मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*बचत गटात नसलेली बाई बोलू शकते का?*
हो. गावच्या मतदार यादीत नाव असलेली प्रत्येक बाई महिला ग्रामसभेची सदस्य आहे.

*निधी फार कमी असेल तर?*
एकाच कामावर लावा. दरवर्षी एक काम पूर्ण झालं तरी पाच वर्षांत पाच कामं दिसतील. मोठं काम असेल तर जिल्हा परिषदेकडं किंवा गाव विकास आराखड्यात मागा.

*कधी मागणी करायची?*
पुढच्या वर्षाचा गाव विकास आराखडा साधारण २ ऑक्टोबरपासून तयार व्हायला लागतो आणि डिसेंबर-जानेवारीत अंदाजपत्रक बनतं. म्हणून दिवाळीच्या आगेमागे ठराव झाला पाहिजे. मार्चमध्ये मागितलं तर उत्तर एकच मिळतं, पैसा संपला.

*पुरुषांनी यात पडावं का?*
अवश्य. शाळेतल्या स्वच्छतागृहाला दार नसेल तर वयात आलेली पोरगी शाळा बुडवते. ती पोरगी घरातलीच असते.