तिनईकर, महेश
भारतीय रॉक गिटारवादक. १९८४ मध्ये मुंबईत उभ्या राहिलेल्या ‘रॉक मशीन’ या बँडचे ते संस्थापक सदस्य. त्या काळी आपल्याकडचे बहुतेक बँड परदेशी गाणी जशीच्या तशी वाजवत आणि श्रोत्यांनाही तीच हवी असत. रॉक मशीनने मात्र स्वतःची गाणी लिहिली आणि ‘रॉक अँड रोल रेनिगेड’ (१९८८) हा अल्बम काढला. हे धाडस मोठेच होते.

या बँडमध्ये जयेश गांधी हे दुसरे गिटारवादक होते. दोन गिटार एकत्र वाजताना एकीने ताल धरायचा आणि दुसरीने त्यावर सुरावट खेळवायची, ही रॉकमधली जुनी रीत. एकल वादनात डाव्या हाताच्या बोटाने तार पट्टीवरच आडवी ओढली की स्वर चढत जातो. सतारीवरची मींड ऐकलेल्या कानाला हे लगेच ओळखीचे वाटते.

१९९३ मध्ये बँडने ‘इंडस क्रीड’ हे नाव घेतले. त्याच वर्षी ‘प्रिटी चाइल्ड’च्या व्हिडिओला एमटीव्हीचा आशियाई प्रेक्षकपसंती पुरस्कार मिळाला. १९९७ मध्ये बँड फुटला.

तेरा वर्षांनी, २०१० मध्ये तिनईकर, गायक उदय बेनेगल आणि कीबोर्डवादक झुबिन बालापोरिया पुन्हा एकत्र आले. बेस रुशाद मिस्त्री यांच्याकडे, तर ड्रम जय रो कवी यांच्याकडे आले. या संचाचा ‘इव्हॉल्व्ह’ हा अल्बम २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला.