शवप्रदर्शनाची कुळकथा

जुन्या गोव्यातील बॉम जेझू बॅसिलिकेत जतन केलेले सेंट फ्रान्सिस झेवियर यांचे पार्थिव दर दहा वर्षांनी खाली उतरवून जवळच्याच से कॅथेड्रलमध्ये लोकांच्या दर्शनासाठी ठेवले जाते. गोव्यात या सोहळ्याला शवप्रदर्शन म्हणतात. ही प्रथा संताच्या निधनापासून अखंड चालत आली असावी, असा अनेकांचा समज असला, तरी तिची मुळे भक्तीइतकीच संशयातही रुजलेली आहेत.

झेवियर 1542 मध्ये गोव्यात आले आणि 3 डिसेंबर 1552 रोजी चीनच्या किनाऱ्याजवळील सांच्वान बेटावर निवर्तले. अस्थी लवकर नेता याव्यात म्हणून दफनाच्या वेळी देहावर चुना घालण्यात आला होता. मात्र काही महिन्यांनी थडगे उघडले असता देह कुजलेला नव्हता, आणि मलाक्कामार्गे तो मार्च 1554 मध्ये गोव्यात पोहोचला, तेव्हा दर्शनाला लोटलेली गर्दी आवरणे कठीण झाले. पुढे 1614 मध्ये उजव्या हाताचा कोपरापासूनचा भाग रोमला पाठवण्यात आला, 1622 मध्ये झेवियर यांना संतपद मिळाले आणि त्यानंतर दोन वर्षांनी पार्थिव बॉम जेझूमध्ये आले. हे चर्च जेझुईटांचे, म्हणजे मठात एकांतवास न पत्करता दारिद्र्य, ब्रह्मचर्य व आज्ञापालन ही व्रते घेऊन समाजात शिक्षण आणि धर्मप्रसार करणाऱ्या संघाचे होते. पार्थिवासाठीची चांदीची पेटी 1637 मध्ये गोमंतकीय कारागिरांनी घडवली. तिच्या पत्र्यांवर संताच्या आयुष्यातील प्रसंग उठावात कोरलेले असून, इटलीतील शिल्पी फोज्जिनी याच्या संगमरवरी समाधीइतकीच, किंबहुना अधिक, दाद या स्थानिक हातांना मिळायला हवी.

मराठी वाचकाला जवळचा वाटावा असा एक प्रसंगही या पेटीशी जोडलेला आहे. 1683 मध्ये छत्रपती संभाजी महाराजांच्या फौजेने गोव्याला पेचात पकडले, तेव्हा व्हाइसरॉय कोंद दि आल्व्होर याने समाधी उघडवून आपला अधिकारदंड संतापाशी ठेवला आणि राज्य त्याच्या स्वाधीन केले. मोगल सैन्य कोकणात उतरल्याने मराठ्यांना माघारी फिरावे लागले. गोव्यात मात्र ती संताची कृपा मानली गेली, आणि झेवियर यांना मिळालेल्या ‘गोंयचो सायब’ या लोकप्रिय बिरुदामागील श्रद्धेला अशा प्रसंगांनी बळ दिले.

प्रथेला खरे वळण मिळाले ते जेझुईटांवरील संकटामुळे. पोर्तुगालच्या राजसत्तेने 1759 मध्ये त्यांना आपल्या प्रदेशांतून हद्दपार केले. त्यानंतर, जाताना त्यांनी मूळ पार्थिव पळवून त्या जागी दुसरेच ठेवले, अशी वदंता पसरली. ती खोडून काढण्यासाठी फेब्रुवारी 1782 मध्ये तीन दिवस पार्थिव सर्वांसमोर मांडण्यात आले आणि याच घटनेला पहिले विधिवत शवप्रदर्शन मानतात. ज्यांनी दोन शतके हा देह सांभाळला, त्यांच्यावरील आळ दूर करणारा तो सोहळा त्यांच्याच अनुपस्थितीत झाला, हे या कथेतील सर्वांत चटका लावणारे सत्य आहे.

दुसरे शवप्रदर्शन थेट 1859 मध्ये झाले. त्यानंतरची 1878, 1890, 1900, 1910, 1922, 1931 आणि 1942 ही वर्षे पाहिली, तरी नेमके अंतर पाळलेले दिसत नाही. चारशेव्या पुण्यतिथीचे 1952 मधील प्रदर्शन अखेरचे ठरवले होते. परंतु गोवा मुक्त झाल्यावर, मुंबईतील आंतरराष्ट्रीय ख्रिस्ती महासभेच्या वर्षी, म्हणजे 1964 मध्ये, ते पुन्हा भरले आणि तेथून दर दहा वर्षांचा क्रम पक्का झाला. बॅसिलिकेचा कारभार आज पुन्हा जेझुईटांकडे असून, 24 नोव्हेंबरपासून चालणाऱ्या नोव्हेनासाठी, म्हणजे सणापूर्वीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेसाठी, सिंधुदुर्ग, बेळगाव व कारवारकडील भाविक पायी येतात.

तेव्हा पार्थिवावरील श्रद्धा साडेचार शतकांहून जुनी असली, तरी दशवार्षिक शवप्रदर्शन ही मुक्त गोव्याची प्रथा आहे, असेच म्हटले पाहिजे. या क्रमातील ताजे शवप्रदर्शन 21 नोव्हेंबर 2024 ते 5 जानेवारी 2025 या काळात पार पडले.