मुनेरबीच्या लेकाची गोष्ट : शाहीर अमर शेख

मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत हप्त्यांचा हिशोब लवकर उरकला आणि आम्ही म्हटलं, आता कुणीतरी एखादी ओवी म्हणा. सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. एक आजी म्हणाल्या, "आमाला कुठं गानं येतंय? आमी आपलं दळताना म्हनायचो." आणि मग त्याच आजींनी लागोपाठ वीस-पंचवीस ओव्या म्हटल्या. त्यातल्या काही त्यांच्या आईच्या, काही त्यांनी स्वतःच जुळवलेल्या. तरी शेवटी पुन्हा म्हणाल्या, "हे काय गानं न्हाई."

त्याच दिवशी आम्ही ठरवलं, या वेळच्या भाषणात शाहीर अमर शेख यांची गोष्ट सांगायची. कारण ही गोष्टही अशाच एका आईपासून सुरू होते.

अमर शेख आपल्या शेजारचे, बार्शीचे. जन्म 20 ऑक्टोबर 1916. पाळण्यातलं नाव मेहबूब, पुढे हुसेन पटेल. आईचं नाव मुनेरबी. घरात गरिबी. पण मुनेरबीजवळ एक धन होतं, ते म्हणजे ओव्या आणि लोकगीतं. शाळेच्या पुस्तकात न मिळणारी मराठी या मुलाला आईच्या तोंडून मिळाली. कोणता शब्द कुठं ओढायचा, कुठं तोडायचा, दुःखाची गोष्ट रडं न आणता कशी सांगायची, हे ज्या घरात रोज गाणं चालतं तिथं पोराच्या कानावर आपोआप पडतं.

तेव्हाची बार्शी कशी होती, तेही ध्यानात घ्या. आपला धाराशिव जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात आणि बार्शी इंग्रजांच्या मुलखात. मध्ये काही कोसांवर सरहद्द. कापूस, धान्य बार्शीच्या पेठेत जायचं. आपल्या येडशी, ढोकीवरून लातूरला जाणारी छोटी रेल्वे बार्शी लाईट याच नावानं ओळखली जायची. आपल्या जुन्या बायकांना रझाकाराच्या काळातली बार्शी आठवायची ती वेगळ्याच कारणानं. 1947-48 साली इकडची किती तरी कुटुंबं जीव मुठीत धरून बार्शीच्या आसऱ्याला गेली होती.

अशा या व्यापाराच्या आणि गिरण्यांच्या गावात मेहबूब वाढला. पोट भरायला बसवर क्लीनर झाला, गिरणीत कामगार झाला. गिरणीत बारा महिने राबूनही घरात दोन वेळची भाकर का पुरत नाही, हा प्रश्न त्याला पडला. तो संपात उतरला, तुरुंगात गेला, कम्युनिस्ट झाला. आणि आईकडून आलेला गळा तिथं कामाला आला. कारण ज्याला वाचता येत नाही त्याला पत्रक देऊन काय उपयोग? त्याला गाणं द्यावं लागतं. हाच मेहबूब पुढे 'अमर शेख' म्हणून साऱ्या महाराष्ट्राला माहीत झाला.

1944 साली मुंबईत तीन शाहीर एकत्र आले. वाटेगावचे अण्णाभाऊ साठे, द. ना. गव्हाणकर आणि आपले अमर शेख. त्यांनी 'लाल बावटा कलापथक' काढलं. डफ, तुणतुणं आणि साधा मंच, एवढीच सामग्री. तमाशात पहिल्यांदा गणपतीचा गण होतो. अण्णाभाऊंनी त्या जागी मातृभूमीला आणि कष्टकऱ्यांना वंदन आणलं. गौळणीच्या चेष्टेची जागा सावकार, जमीनदार, गिरणीमालक यांच्या गोष्टींनी घेतली. बाजाच्या चाली जुन्याच होत्या, म्हणून माणसं बसायची. आत सांगणं नवं होतं, म्हणून घरी जाताना विचार करायची. सरकारनं बंदी घातली तेव्हा त्याच तमाशाला लोकनाट्य म्हणून पुढे नेलं गेलं.

अमर शेख यांचा आवाज पहाडी होता. ध्वनिक्षेपक नसला तरी तो सभेच्या शेवटच्या माणसापर्यंत जायचा, असं ऐकणारे सांगत. याचा खरा कस लागला संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात. 1 नोव्हेंबर 1956 रोजी हैदराबाद राज्य मोडलं आणि मराठवाड्याचे पाच जिल्हे, त्यात आपला जिल्हाही, मुंबई राज्यात आले. पण ते राज्य गुजरातीसह द्विभाषिक होतं. मराठी माणसाचं, मुंबईसह राज्य मिळायला 1 मे 1960 उजाडावा लागला. त्यासाठी शंभरावर माणसं हुतात्मा झाली. त्या वर्षांत सभा म्हटली की आधी शाहीर. अण्णाभाऊंची 'माझी मैना' ही छक्कड अमर शेख गायचे. गावाकडं राहिलेली बायको आणि मुंबईत पोटासाठी आलेला नवरा, असं तिचं रूप. राज्याच्या मागणीचं एवढं मोठं राजकारण, पण लोकांच्या काळजात ते एका बाईच्या ताटातुटीतून शिरलं. गोवामुक्तीसाठीही ते गायले. 1962 साली चीनचं आक्रमण झालं तेव्हा हाच गळा देशाच्या संरक्षण निधीसाठी झोळी घेऊन फिरला.

ते नुसते दुसऱ्याचं गाणारे नव्हते. स्वतः लिहायचे. 'कलश' हा कवितासंग्रह 1958 चा, 'धरतीमाता' 1963 चा. आचार्य अत्रे त्यांना महाराष्ट्राचा मायकोवस्की म्हणायचे. मायकोवस्की हा रशियातला क्रांतीचा कवी. मुसलमान घरातला, बसवर क्लीनर राहिलेला माणूस मराठीचा एवढा मोठा कवी झाला. त्याची मराठी कुणी तपासून घेतली नाही, कारण ती आईच्या दुधातून आलेली होती.

शेवट मात्र चटका लावणारा आहे. 18 जुलै 1969 रोजी अण्णाभाऊ गेले. सहा आठवड्यांनी, 29 ऑगस्टला, इंदापूरजवळ अपघातात अमर शेख गेले. त्रेपन्न वर्षं पुरी व्हायच्या आत, रस्त्यावरच. त्यांची लेक मल्लिका अमर शेख पुढे कवयित्री झाली आणि बाईच्या जगण्याबद्दल कुणाची भीड न ठेवता तिनं लिहिलं. मुंबई विद्यापीठात आज अमर शेख यांच्या नावानं अध्यासन आहे.

आता मुनेरबीकडं परत येऊ. आई, लेक, नात असं बघितलं तर गाणं तीन पिढ्यांचं. मधल्या लेकाचं नाव अध्यासनाला लागलं, नातीची पुस्तकं छापली. मुनेरबीचं मात्र फक्त नाव उरलं. तिनं कोणत्या ओव्या म्हटल्या, त्यातल्या किती तिच्या स्वतःच्या, हे कुणी लिहून ठेवलं नाही. यात लेकाची चूक आम्ही काढत नाही. तेव्हा दळताना म्हटलेलं गाणं लिहायचं असतं, असं कुणालाच वाटत नव्हतं.

पुढे हेमा राईरकर आणि गी पॉयतवाँ यांनी हे काम मनावर घेतलं. महाराष्ट्रातल्या हजारावर गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या त्यांच्या सोबत्यांनी गोळा केल्या, आणि प्रत्येक ओवीबरोबर म्हणणारीचं नाव आणि गाव लिहिलं. परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचा आवाज त्यामुळंच आज आपल्याला ऐकता येतो.

गिरणी गावात आली, जातं कोपऱ्यात गेलं. हात मोकळे झाले, ते चांगलंच झालं. पहाटे चारला उठून दळायचे दिवस कुणाला परत नकोत. पण जात्याबरोबर ओवीही कोपऱ्यात गेली. ज्यांना ती येते त्या आता सत्तरीच्या पुढं आहेत.

म्हणून आमचं एक सांगणं आहे. आपल्या गटाकडं इतिवृत्ताची वही असतेच. बचत, कर्ज, व्याज सगळं आपण पैशापैशानं लिहितो. त्याच वहीची मागची दहा पानं ओव्यांसाठी ठेवा. दर बैठकीला एका आजीला बोलवा. ओवी लिहा, खाली तिचं नाव, माहेर, सासर लिहा. ओवी तिनं स्वतः जुळवली असेल तर तसं स्पष्ट लिहा. मोबाईल असेल तर आवाजही भरून घ्या, आधी तिला विचारून.

ज्या आजी "हे काय गानं न्हाई" म्हणाल्या, त्यांचं नाव आम्ही आमच्या वहीत पहिल्या पानावर लिहिलं आहे. तुमच्या वहीत पहिलं नाव कुणाचं, ते पुढच्या बैठकीत ठरवा.