कापलेल्या बंदुकीचा जीर्णोद्धार

देवळाचा जीर्णोद्धार आपण पाहिला असेल. आज बंदुकीचा ऐकावा.

१९०७ सालच्या मार्क ३ ली-एन्फील्ड रायफलीची २५ इंची नळी टोंकापर्यंत लांकडांत बसविलेली असे. दुसरें महायुद्ध १९४५ सालीं संपल्यावर जुन्या रायफली स्वस्त झाल्या. तेव्हां इंग्लंड, कानडा, ऑस्ट्रेलिया येथील शिकाऱ्यांनीं वजन घटविण्यासाठीं पुढचें लांकूड करवतीनें कापलें. त्यांना दोष देणें सोपें आहे. पण ज्याच्या घरीं हरणाचें मांस तिच्याच बळावर शिजलें, त्याला ती इतिहासाची वस्तु कशी वाटावी?

नळी शाबूत असेल, तर थोड्या खर्चांत तिला पूर्वरूप येतें. जुन्या बाजारांतलें लांकूड मिळवावें. मात्र त्याचें मागील टोंक लोखंडी सांगाड्यास घट्ट टेकलें पाहिजे, नाहीं तर बाराच्या धक्क्यानें तें फाटतें. जुन्या काडतुसांच्या टोपींतील पोटॅशियम क्लोरेटापासून बार होतांच क्षार उरतो, आणि तो हवेंतील ओल शोषून नळी गंजवितो. तेलांत तो विरघळत नाहीं. म्हणून शिपाई नळींत उकळतें पाणी ओतीत. लांकडास जवसाचें कच्चें तेल पुरे.

खरा घात करतो तो कांचकागद ! दस्त्यावरील कारखान्याची मोहोर, दुरुस्तीचे ठसे, कित्येकांवर आपल्या ईशापूरचेहि, गुळगुळीतपणाच्या हौसेंत पुसले जातात. शिलालेख टांकीनें सपाट करून भिंत स्वच्छ झाली म्हणणाऱ्यांचेच हे भाऊबंद.

आणि नळीच कापलेली असेल, तर नवी नळी बहुधा बंदुकीहून महाग पडते. ती तशीच राहूं द्यावी.