लाईन रायडर: रेघ ओढा, बॉशला सोडा

आजचा खेळ असा आहे की त्यात जिंकताच येत नाही. गुण नाहीत, शत्रू नाहीत, शेवटची पातळी वगैरे काही नाही.

सप्टेंबर २००६. स्लोव्हेनियातला एक विद्यार्थी, बोश्त्यान चादेझ, फ्लॅशमध्ये एक छोटी गोष्ट बनवतो आणि डेव्हियंटआर्टवर टाकतो. पांढरं पान, एक पेन्सिल. तुम्ही रेघ ओढायची, प्लेचं बटण दाबायचं. मग गळ्यात मफलर घातलेला एक पोरगा स्लेडवर बसून त्या रेघेवरून घसरत जातो. चादेझ याला गेम म्हणायचाच नाही, खेळणं म्हणायचा. मला तो शब्द जास्त पटतो. त्या पोराला लोकांनी नाव दिलं बॉश.

आता यातली खरी गंमत ऐका. स्लेड आणि बॉश म्हणजे आत काही बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या काड्या. धक्का जास्त बसला की जोड तुटतो, बॉश स्लेडवरून उडतो. आणि रेघेला दिशा असते बरं का! डावीकडून उजवीकडे ओढली तर वरून आलेला तिच्यावर टेकतो, उलटी ओढली तर सरळ आरपार. हे कळल्यावर लोकांनी जे केलं ते बघण्यासारखं आहे. एकेका मिनिटाच्या प्रवासासाठी हजारो रेघा, नुसत्या माउसने! पुढच्या आवृत्तीत वेग देणारी लाल रेघ आणि नुसत्या चित्रापुरती हिरवी रेघ आली.

मग इनएक्साइल या अमेरिकन कंपनीने हक्क घेतले. २००८ मध्ये ‘लाईन रायडर २: अनबाउंड’ आला, त्यात अर्धवट ट्रॅक पुरा करायची कोडी होती. म्हणजे खेळण्याला ध्येय चिकटवलं. पण लोकांना आठवतो तो पहिलाच.

अडचण वेगळीच होती. जुन्या लाईन रायडरमध्ये ट्रॅक तुमच्याच संगणकावर, फ्लॅशच्या आडबाजूच्या फोल्डरमध्ये राहायचा. संगणक फॉरमॅट केला की महिन्यांची मेहनत गायब. व्हिडिओ काढून ठेवला असेल तर तेवढाच उरला. त्यात ३१ डिसेंबर २०२० ला अडोबीने फ्लॅशच बंद केलं.

तोवर चाहत्यांनी ब्राउझरमध्ये फ्लॅशशिवाय चालणारी आवृत्ती उभी केली होती. २०१७ मध्ये डूडलकेऑस या नावाने एकाने ग्रीगच्या ‘इन द हॉल ऑफ द माउंटन किंग’च्या ठेक्यावर बॉशला घसरवलं. प्रत्येक ठोक्याला एक आपटी. तो व्हिडिओ आधी आवाज बंद करून बघा, मग आवाज लावून.