सागरी जलजीवालयातील आसंजके

खाऱ्या पाण्याच्या जलजीवालयात काचा, खडक, प्रवाळ इत्यादी एकमेकांस जोडण्यासाठी वापरण्यात येणाऱ्या चिकट अथवा घट्ट होणाऱ्या पदार्थांना सागरी जलजीवालयातील आसंजके म्हणतात. सामान्य आसंजकाकडून मुख्यतः जोडाच्या बळकटीची अपेक्षा असते. येथे आणखी एक अट तितकीच महत्त्वाची ठरते. जोड सतत खाऱ्या पाण्यात राहतो व त्यातून पाझरणारा पदार्थ टाकीतील प्राण्यांच्या शरीरात जाऊ शकतो. समुद्रात असा पदार्थ अफाट पाण्यात विरून जातो. टाकीत मात्र तो साठत राहतो. त्यामुळे या आसंजकांचा इतिहास हा बळकटीप्रमाणेच निर्विषतेच्या शोधाचाही इतिहास आहे.

प्रारंभ : बंदिस्त पाण्यात प्राणी व वनस्पती यांचा समतोल राखता येतो, हे रॉबर्ट वॉरिंग्टन या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञांनी १८५० च्या सुमारास दाखवून दिले. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ मध्ये सार्वजनिक मत्स्यगृह उघडण्यात आले व पुढील वर्षी फिलिप हेन्री गॉस यांच्या ग्रंथाने सागरी जलजीवालयाचा छंद लोकप्रिय केला. त्या काळातील टाक्या लाकडी, लोखंडी किंवा पाटीच्या दगडाच्या चौकटीत काचा बसवून तयार करीत. काचा बसविण्यासाठी जवसाचे तेल आणि सफेदा किंवा शेंदूर यांचे लुकण वापरीत. सफेदा व शेंदूर ही दोन्ही शिशाची संयुगे असल्याने हे लुकण पाण्याशी प्रत्यक्ष संपर्कात येणे धोक्याचे होते. या अडचणीवर जो उपाय योजण्यात आला, त्याचे मूळ भारतीय वनांत होते.

लाखेचे आवरण : लुकणावर चपडा लाखेचा म्हणजेच शेलॅकचा थर देऊन ते पाण्यापासून अलग ठेवीत. लाख ही पळस, बोर, कुसुम इ. वृक्षांच्या कोवळ्या फांद्यांवर वाढणाऱ्या लाख कीटकांच्या स्रावापासून मिळते. ती अल्कोहॉलात विरघळते. साध्या पाण्यात विरघळत नाही. आल्फ्रेड जेफ्री यांनी १८४२ मध्ये पेटंट घेतलेल्या ‘सागरी सरसा’तही रबर व नॅप्था यांच्या जोडीला शेलॅक हाच प्रमुख घटक होता. मूळचा जहाजांच्या लाकूडकामासाठी असलेला हा सरस पुढे जलजीवालयाच्या सांध्यांसाठीही वापरण्यात येऊ लागला.

महाराष्ट्रातील लाखेचे क्षेत्र प्रामुख्याने पूर्व विदर्भात आहे. गोंदिया जिल्ह्यातील (१ मे १९९९ पूर्वी भंडारा जिल्ह्याचा भाग) अर्जुनी मोरगाव तालुक्यात असलेले केशोरी हे याच वनप्रदेशातील गाव. समुद्रापासून शेकडो किमी. दूर असलेल्या या प्रदेशातील पळस हा रंगिनी जातीच्या लाख कीटकाचा नेहमीचा पोषक वृक्ष होय. या जातीपासून वर्षातून कतकी व बैसाखी अशी दोन पिके मिळतात. लाखेच्या अभ्यासासाठी रांचीजवळील नामकूम येथे १९२४ मध्ये संशोधन संस्था स्थापन झाली. अशा प्रकारे समुद्र कधीही न पाहिलेल्या वनवासी संग्राहकांच्या श्रमाचे उत्पादन सागरी जीवांच्या रक्षणासाठी उपयोगी पडले.

मात्र लाखेची मर्यादाही लवकरच ध्यानात आली. शेलॅक हे अम्लधर्मी रेझीन असून क्षारधर्मी विद्रावात ते हळूहळू मऊ होऊन विरघळते. समुद्राच्या पाण्याचे पीएच मूल्य सु. ८·१ ते ८·३ असते. परिणामी लाखेचे आवरण वेळोवेळी नवे करावे लागे व ते राहून गेल्यास खालील शिसे उघडे पडे. ग्रामोफोनच्या तबकड्यांसाठी शेलॅकचा मोठा खप होता. विसाव्या शतकाच्या मध्यास व्हिनिलच्या तबकड्या आल्यावर तोही ओसरला. जलजीवालयातून लाख बाजूस पडली ती संश्लेषित रेझिनांमुळेच.

सिमेंट : जोसेफ ॲस्पडिन यांनी १८२४ मध्ये पेटंट घेतलेले पोर्टलँड सिमेंट पाण्याखालीही घट्ट होते. त्यामुळे मोठ्या सार्वजनिक मत्स्यालयांत कृत्रिम खडकांसाठी त्याचा उपयोग होऊ लागला. भारतात मद्रास येथे १९०९ मध्ये सागरी मत्स्यालय उघडण्यात आले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते बंद पडले. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवरील तारापोरवाला मत्स्यालयाचे उद्घाटन १९५१ मध्ये राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले. नूतनीकरणानंतर २०१५ मध्ये ते पुन्हा खुले झाले, तेव्हा त्यात ॲक्रिलिकचा पारदर्शक बोगदा होता. या प्रवासात काच, लुकण व सिमेंट यांपासून बहुवारिकांपर्यंत झालेले स्थित्यंतर दिसून येते.

सिमेंटचा दोष त्याच्या ताजेपणात आहे. घट्ट होत असताना त्यातून कॅल्शियम हायड्रॉक्साइड बाहेर पडते व पाण्याचे पीएच मूल्य प्राण्यांना असह्य होईल इतके वाढते. म्हणून सिमेंटचे खडक कित्येक आठवडे गोड्या पाण्यात बुडवून ठेवतात, पाणी वारंवार बदलतात आणि पीएच मूल्य स्थिर झाल्यावरच ते टाकीत ठेवतात.

संश्लेषित आसंजके : एपॉक्सी रेझिने १९३० नंतरच्या दशकात विकसित झाली व दुसऱ्या महायुद्धानंतर बाजारात आली. रेझीन व कठिनीकारक असे दोन भाग मळून तयार होणारी एपॉक्सी लांबी पाण्याखाली घट्ट होते आणि खडकांमधील मोठ्या फटी भरून काढते. तथापि दोन्ही भागांचे प्रमाण चुकल्यास किंवा मळणे अपुरे राहिल्यास न जुळलेली अमाइने पाण्यात उतरतात. घट्ट होताना तिच्यातून उष्णताही बाहेर पडते. म्हणून एका वेळी थोडीच लांबी वापरणे इष्ट असते.

सिलिकोन लांबीमुळे १९६० नंतर चौकटीविरहित, केवळ काचेच्या टाक्या शक्य झाल्या व लोखंडी चौकटीचा गंज आणि शिशाचे लुकण ही दोन्ही संकटे एकदमच टळली. तिच्या नेहमीच्या प्रकारातून घट्ट होताना ॲसिटिक अम्ल बाहेर पडते; व्हिनेगरसारखा वास येतो तो यामुळेच. हवेतील बाष्पामुळे ती घट्ट होते, पण ओल्या पृष्ठाला चिकटत नाही. त्यामुळे काचा व कोरडे खडक यांना ती योग्य, तर भरलेल्या टाकीतील कामास निरुपयोगी ठरते. स्नानगृहासाठीच्या लांबीत बुरशीनाशके मिसळलेली असतात. ती जलजीवालयात वर्ज्य होत.

सायनोॲक्रिलेट हा पदार्थ १९४२ मध्ये अमेरिकेत हॅरी कूव्हर यांच्या संशोधनातून प्रथम हाती आला. त्याचे आसंजक गुण १९५१ मध्ये ओळखले गेले आणि १९५८ मध्ये तो विक्रीस आला. ओलाव्याचा संपर्क होताच त्याचे बहुवारिकीकरण होते. इतर आसंजकांना अडचणीचे असणारे पाणी येथे साहाय्यक ठरते. पातळ प्रकार पाण्यात पसरून त्याचा पापुद्रा बनतो, म्हणून घट्ट जेलीसारखा प्रकार वापरतात. लहान तुकड्यांसाठी तो उत्तम असला, तरी रुंद फटी त्याने भरत नाहीत. जड तुकडा बसविताना एपॉक्सी लांबीच्या गोळ्याच्या दोन्ही बाजूंस सायनोॲक्रिलेट लावण्याची पद्धत आहे : पहिले पकड टिकवून धरते व दुसरे तत्काळ चिकटते.

निवड : सर्व प्रसंगी योग्य असे एकच आसंजक नाही. निवड करताना पृष्ठ कोरडे आहे की ओले, तुकड्याचे वजन किती व फट किती रुंद आहे, हे पाहावे लागते. जस्त, तांबे, शिसे यांची रंगद्रव्ये किंवा धातूची पूड असलेली आसंजके टाळतात. तांबे विशेष घातक आहे. माशांच्या परजीवींवरील उपचारात तांबे दर लिटरला सु. ०·२ मिग्रॅ. या प्रमाणात देतात. तेवढेच प्रमाण प्रवाळ व इतर बहुतेक अपृष्ठवंशी प्राण्यांना मारक ठरते. नळगळतीसाठीच्या लांबीत धातूची पूड असू शकते. घटक स्पष्ट नसलेला माल स्वस्त असला तरी घेऊ नये. समुद्रापासून दूरच्या गावी कृत्रिम क्षारांचे पाणी वापरावे लागते व दूषित पाणी सहज बदलता येत नाही. तेथे ही दक्षता अधिकच आवश्यक ठरते. जोडकाम शक्यतो टाकीबाहेर करून, पूर्ण घट्ट झालेला जोड स्वच्छ पाण्यात भिजवून मगच आत ठेवणे सर्वांत सुरक्षित असते.

कायदा व संवर्धन : वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ मध्ये खडक बनविणारी अश्मप्रवाळे, काळी प्रवाळे, अग्निप्रवाळे व सागरी पंखे यांचा समावेश करण्यात आला. त्यामुळे ती किनाऱ्यावरून काढणे, बाळगणे वा विकणे भारतात गुन्हा आहे; छांदिष्टाने कृत्रिम प्रवाळांवरच समाधान मानावे लागते. निसर्गातील प्रवाळे हलविण्याचे काम शासनाच्या परवानगीने व शास्त्रज्ञांच्या देखरेखीखालीच होते. मुंबईच्या सागरी किनारा रस्त्याच्या बांधकामामुळे वरळी व हाजी अली येथील १८ प्रवाळ वसाहती नोव्हेंबर २०२० मध्ये राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या मार्गदर्शनाखाली स्थलांतरित करण्यात आल्या.

नैसर्गिक आसंजके : कोकणच्या खडकांना चिकटलेली कालवे व शिंपले यांनी ही समस्या मानवापूर्वी कितीतरी आधी सोडविलेली आहे. शिंपल्यांच्या चिवट तंतूंतील प्रथिनांत डोपा हे ॲमिनो अम्ल असते व ओल्या पृष्ठावरील पकड त्यामुळे साधते. प्रवाळद्वीपांतही लालसर शैवले कॅल्शियम कार्बोनेटाचे थर देऊन सुटे तुकडे सांधतात. जलजीवालयात माणसाने दिलेला जोड अशा जीवांनी ताबा घेईपर्यंत टिकला व तोवर त्याने कोणास अपाय केला नाही, तर त्याचे कार्य पूर्ण झाले असे मानतात.