रोजकीर्द, खतावणी आणि आपण



मराठ्यांच्या इतिहासातील किल्ले आणि लढाया आपणांस तोंडपाठ असतात. त्या लढायांचा खर्च ज्यांनी लिहून ठेवला, त्या कारकुनांचे स्मरण मात्र क्वचितच होते. ज्यांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर विद्या आणि व्यवहार यांची सांगड घातली. म्हणून आज हिशेबाच्या वहीचा इतिहास मांडण्याचे मी योजिले आहे. ज्याच्यापाशी स्वतःची रोजची नोंद नाही, त्याचा हिशेब दुसराच कोणी ठरवतो, एवढेच मला त्यातून सांगावयाचे आहे.

पेशव्यांच्या हुजूर दफ्तराचे दोन मुख्य विभाग होते. एक चालते दफ्तर, त्यातील फड फडणिसांच्या देखरेखीखाली असे. आणि दुसरे एकबेरीज दफ्तर, ते पुण्यातच राही. दिवसाचे हुकूम, जमा आणि खर्च त्या त्या दिवशी रोजकीर्दीत चढत. रोजकीर्दीवरून बाबवार खतावणी तयार होई आणि वर्षाअखेरीस जमाखर्चाचा गोषवारा, म्हणजे तर्जुमा, निघे. हा क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. रोजची नोंद बिनचूक असली की वर्षाचा गोषवारा ही केवळ बेरजेची बाब उरते. नाना फडणिसांच्या काळात ही शिस्त कडक होती. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीत दफ्तराची आबाळ झाली. तरीही जे उरले ते इतके विपुल होते की, रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनी त्यातून निवडलेल्या कागदांचे ४५ खंड १९३० ते १९३४ या काळात प्रसिद्ध झाले. याच रियासतकारांची उमेदीची कितीतरी वर्षे आपल्या बडोद्यात, सयाजीराव महाराजांच्या सेवेत गेली, हे या शहरातील विद्यार्थ्यांनी अभिमानाने लक्षात ठेवावे. पै-पैशाच्या नोंदीही पुढे इतिहासाचे साधन झाल्या.

राज्याची वही अशी होती. रयतेची वही मात्र सावकाराच्या हाती होती. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोख्यांना तीन वर्षांची मर्यादा घातली. हेतू रयतेच्या रक्षणाचा, परंतु झाले उलटेच. मुदत भरत आली की थकलेले व्याज मुद्दलात मिळवून सावकार नवा रोखा लिहून घेऊ लागले. रोख्यात काय लिहिले आहे हे बहुतेक कुळांना वाचता येत नसे आणि फेडीची पावतीही अनेकदा मिळत नसे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे हा असंतोष उसळला. जमावाने सावकारांचे रोखे आणि वह्या हिसकावून जाळल्या, आणि पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत हे लोण पसरले. लोकांचा मुख्य रोख कागदावर होता, ही गोष्ट पुष्कळ बोलकी आहे. चौकशी आयोगानंतर १८७९ साली दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. कुळाला पावती, वर्षाचा हिशेब आणि मागणी केल्यास पासबुक देण्याचे बंधन त्याने सावकारावर घातले. कर्जदाराच्या हाती त्याचा स्वतःचा कागद असावा, हे तत्त्व कायद्यात आले. पण त्यापूर्वी कित्येकांच्या जमिनी गेल्या होत्या.

तिसरा पक्ष सरकारचा. १८५७ च्या उठावानंतर रिकामी झालेली तिजोरी भरण्यासाठी जेम्स विल्सन यांनी १८६० साली प्राप्तिकर आणला. १८८६ च्या कायद्याने तो कायमचा झाला. पुढे १९२२ आणि १९६१ चे कायदे आले, आणि २०२५ साली संमत झालेला नवा कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू झाला. या दीर्घ परंपरेत एक सूत्र टिकून आहे. व्यापाऱ्याने हिशेबाची जी पद्धत सातत्याने ठेवली असेल तिच्यावरून उत्पन्न मोजावे; आणि हिशेब सादरच झाला नाही, तर अधिकाऱ्याने उपलब्ध माहितीवरून आपल्या अंदाजाने आकारणी करावी. वही नसलेल्या दुकानदाराचे उत्पन्न दुसरा ठरवतो. सुप्याच्या कुळाची अडचण येथे निराळ्या रूपात पुन्हा भेटते.

वहीला न्यायालयातही मान आहे, पण तो अटीवर. व्यवहाराच्या ओघात नियमितपणे ठेवलेल्या वहीतील नोंदी ग्राह्य धरल्या जातात, मात्र केवळ त्यांच्यावर कोणाची देणेदारी ठरत नाही, असा १८७२ च्या पुरावा कायद्याचा नियम होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यानेही तो राखला आहे. जैन हवाला प्रकरणात १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने सुटे कागद म्हणजे वही नव्हे, असे म्हटले. तेव्हा नोंद बांधलेल्या वहीत हवी आणि तिच्या पाठीशी पावतीही हवी.

आपल्याकडे दिवाळीत वहीपूजन होते. १९८९ पूर्वी अनेक व्यापारी दिवाळी ते दिवाळी हेच आपले हिशेबी वर्ष धरत आणि कायद्याला ते चालत असे. १९८९-९० च्या आकारणी वर्षापासून सर्वांना एप्रिल ते मार्च हे एकच वर्ष लागू झाले. पूजा दिवाळीतच राहिली. पण वर्षातून एकदा वही उघडणे आता मुळीच पुरत नाही. आगाऊ कराचे हप्ते सामान्यतः १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च या दिवशी येतात. आणि २०१७ च्या वस्तू व सेवा कर कायद्यानुसार नोंदणीकृत व्यापाऱ्याला वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने हिशेब सांभाळावा लागतो.

म्हणून विद्यार्थी मित्रहो, आपल्या घरच्या दुकानात, शिकवणीत वा शिवणकामात चार साधे नियम पाळावेत. दुकानाचा पैसा आणि घरखर्च यांची खाती वेगळी ठेवावीत. दिवस मावळण्यापूर्वी रोजकीर्द लिहून गल्ल्यातील शिल्लक तिच्याशी ताडून पाहावी. प्रत्येक पावतीवर क्रमांक घालून ती महिन्याच्या लिफाफ्यात ठेवावी. महिनाअखेर बँकेचा उतारा वहीशी जुळवावा. वही संगणकात असली तरी नियम तेच, फक्त तिची एक प्रत अन्यत्र ठेवावी. मार्च महिन्यात आठवून लिहिलेला हिशेब आणि त्या त्या संध्याकाळी लिहिलेला हिशेब यांत, आकडे जुळले तरी, विश्वासाचे अंतर राहतेच. फडातील कारकुनाने आपले काम उद्यावर टाकले नाही, म्हणून आज आपणांस इतिहास वाचता येतो. आपणही आपले पान आजच लिहावे.